इंजिन बदललं, आता स्टिअरिंगचा शाफ्ट न्यायचा कुठून?

नवं इंजिन खाली उतरवलं, माउंटिंगचे बोल्ट लागले, आणि बघतो तर स्टिअरिंगचा शाफ्ट (स्टिअरिंग व्हीलपासून खाली जाणारा दांडा) थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांमध्ये, घुसतोय. मंडळी, इथे सगळ्यांचा हात आधी रॅककडे, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याकडे जातो. रॅक जरा खाली घेऊ, पुढे सरकवू. नको! रॅकची जागा बदलली की टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि चाकाला धरणारा सस्पेन्शनचा आर्म यांची चाल जुळत नाही. मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की तुम्ही न वळवताही गाडी वळते.

त्यापेक्षा इंजिन सरकवा. कंपनीतून येतानाच कितीतरी गाड्यांचं इंजिन बरोबर मध्यावर नसतं, त्यामुळे थोडं बाजूला गेलं तर बिघडत नाही. फक्त गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे कोन पुन्हा तपासा. इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर रॅकवर टेकत असेल, तर त्याच इंजिनाचा वेगळ्या आकाराचा चेंबर मिळतो का बघा. मॅनिफोल्डचंही तेच. चकचकीत लांब पाइपांच्या हेडरपेक्षा ब्लॉकला चिकटून जाणारा साधा बिडाचा मॅनिफोल्ड बऱ्याचदा सुटसुटीत बसतो. दिसायला काही खास नसतो, हे मान्य.

एवढं करूनही अडलं, तरच शाफ्टला वळण द्या. एक युनिव्हर्सल जॉइंट (दोन शाफ्ट कोनात जोडूनही फिरू देणारा सांधा) साधारण 35 अंशांपर्यंत चालतो, पण कोन वाढला की फिरणं एकसारखं राहत नाही. 30 अंशांवर एका फेरीत दोनदा वेग सुमारे 15 टक्के वाढतो आणि दोनदा 13 टक्के घटतो. हाताला ते जड-हलकं जाणवतं. दोन जॉइंट लावा, दोन्हींचे कोन सारखे ठेवा आणि मधल्या तुकड्यावरचे दोन्ही काटे (जॉइंटचे दुफाटी भाग) एका रेषेत बसवा, म्हणजे एकाची चूक दुसरा खोडतो. तीन जॉइंट लागले तर मधे आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट झोकांड्या खातो. आणि मूळ शाफ्ट अपघातात दबून आत जाणारा असेल, तर ती सोय नव्या शाफ्टमध्येही ठेवा.

आता मोजमाप. उभ्या गाडीत बोटभर फट दिसली म्हणून खूश होऊ नका. रबरी माउंटिंगवर इंजिन जोर लागला की कलतं. इंजिन बंद ठेवून पहारीने दोन्ही बाजूंना रेटून बघा. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आधी चाकं जमिनीवर असताना, नंतर लोंबकळती ठेवून. मॅनिफोल्डजवळून शाफ्ट जात असेल तर मधे उष्णतारोधक पत्रा लावा, नाहीतर जॉइंटमधलं ग्रीस वाळतं.

जॉइंटला शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) नुसता आवळून सोडू नका. शाफ्टवर त्याच्यासाठी छोटा खळगा करा, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि वरून लॉकनट घट्ट करा.