लग्नाचा वाढदिवस आणि पसरणीचा घाट

श्रोतेहो, नमस्कार.

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक. चातुर्मासात आपल्याकडे मुहूर्ताची लग्नं होत नाहीत. त्यामुळे ऑक्टोबरात येणारे लग्नाचे वाढदिवस बरेचसे नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांचे असतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की मग बाकीच्यांची रांग सुरू होते. आजचं बोलणं दोन्ही गटांसाठी आहे. पुण्याहून पहाटे निघायचं, पाचगणी आणि क्षेत्र महाबळेश्वर करून उतरताना वाई पाहायची आणि रात्री घरी जेवायला यायचं. मुक्काम नाही, त्यामुळे खोलीचं भाडंही नाही.

ही सहल फसते ती बहुधा क्रमामुळे. माणसं वाटेत जे लागेल तिथे थांबत जातात. वाईला नाश्ता, मग मेणवली, मग पाचगणीच्या टेबल लँडवर घोडा, मग वेण्णा तलावात होडी. क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढे असलेल्या आर्थर सीटच्या कड्यावर पोचेपर्यंत साडेचार वाजतात, समोर कोकणावर धूसर पडदा आलेला असतो आणि गाडी लावायला जागा नसते. त्यानंतर उरतो तो सव्वाशे-तीस किलोमीटरचा परतीचा रस्ता, त्यातला घाट अंधारात. म्हणून सांगणं इतकंच, की सगळ्यात लांबचं ठिकाण सगळ्यात आधी करा. जाताना कुठेही रेंगाळू नका, उतरताना हवं तितकं रेंगाळा.

आता वेळा. स्वारगेटहून सव्वापाचला निघालात तर नवले पुलाची गर्दी जागी होण्याआधी तुम्ही तिच्या पलीकडे असता. खेड शिवापूरचा टोलनाका, शिरवळ, खंबाटकी आणि मग सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाईकडे वळायचं. वाई साधारण सत्त्याऐंशी किलोमीटर, सात वाजता येते. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे घाट चढताना पुरेसा उजेड असतो. वाईत चहा आणि हलका नाश्ता, अर्ध्या तासाच्या वर नाही. पुढे पसरणीचा घाट, पाचगणी आणि तिथून वीसएक किलोमीटरवर महाबळेश्वर. बाजारपेठेच्या मोहात न पडता क्षेत्र महाबळेश्वरच्या वाटेने थेट आर्थर सीट गाठायचं. नऊ, फार तर सव्वानऊला तुम्ही कड्यावर असता. पाचगणी आणि महाबळेश्वर दोन्हीकडे नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो, त्यासाठी सुटे पैसे हाताशी ठेवा.

सकाळचा आग्रह कशासाठी? एक म्हणजे, पाऊस सरल्यावर सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात खाली ढग साचलेले असतात आणि कडे त्यांच्या वर निघालेले दिसतात. ऊन चढलं की ते ढग वर येतात आणि काही वेळ समोरचं काहीच दिसत नाही. तसं झालं तर लगेच फिरू नका, वीस मिनिटं थांबा, पडदा बरेचदा तेवढ्यात हलतो. दुसरं कारण परतीचा पाऊस. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. टेबल लँड हे जांभ्या खडकाचं सपाट, उघडं पठार आहे. तिथे त्या वेळी सगळ्यात उंच वस्तू तुम्ही दोघंच असता. पहिला गडगडाट ऐकू आला की पठार सोडा आणि गाडीत बसा. झाडाखाली थांबू नका, छत्री उघडू नका.

दोनच्या सुमारास पूर्वेला किंवा दक्षिणेला ढग उभे चढताना दिसले, तर टेबल लँड सरळ गाळा आणि खाली मेणवलीला उतरा. वाढदिवसाचा फोटो पठारावर काढला काय आणि नदीकाठी काढला काय!

आर्थर सीटहून परतताना क्षेत्र महाबळेश्वर. महाबळेश्वराचं देऊळ आणि शेजारी पंचगंगा, जिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून येतं. दोघांनी निवांत बसायचं असेल तर थोडं पुढे चालत जाऊन कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ गाठा. गर्दी तिथवर फारशी येत नाही आणि समोर कृष्णेचं खोरं आहे. फरशीवरचं शेवाळ मात्र ऑक्टोबरात फसवं असतं. वरून वाळून काळं पडतं, त्यामुळे ओलं वाटत नाही, पण सावलीतल्या दगडावर पाय हमखास सरकतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला आणि कोल्हापुरी घरी ठेवा. खाचा असलेले बूट घाला, साडीवर विजोड दिसले तरी.

कपड्यांचं निघालंच आहे तर आणखी दोन गोष्टी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गवत पिकतं आणि कुसळं सुटतात. ती मोज्यांत, साडीच्या काठात, शालीच्या विणीत घुसतात आणि ओढली की टोक आत राहतं. गवतातून चालायचं असेल तर घट्ट विणीचं, गुळगुळीत कापड बरं. लोकर आणि जाळीचे मोजे नकोत. दुसरी गोष्ट अत्तराची. या दिवसाला सेंट लावावासा वाटणार, ते साहजिक आहे. पण सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि उग्र वास, धूर, फटाके यांनी माश्या उठतात. सेंट संध्याकाळी लावा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड आणि डोकं ओढणीने झाका आणि जागा सोडून चालू लागा. पुष्कळ डंख झाले, श्वास लागला किंवा ओठ सुजले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

पाचगणीला परतताना पारसी पॉइंटवर थांबण्यासारखं आहे. धोम धरणाचं पाणी, पलीकडे कमळगड आणि खाली भाताची खाचरं पिवळी पडायला लागलेली. इथे उभं राहिलं की पावसाचं गणितही डोळ्यांसमोर येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी, आणि खाली वाईत त्याहून कमी. ढग कोकणातून चढताना कड्यावरच बरेचसे रिते होतात. म्हणून महाबळेश्वरला झाडीत ओल असते त्याच दिवशी पाचगणीत लख्ख ऊन असतं. रस्त्याच्या कडेला पिवळीधमक दिसते ती सोनकी. सप्टेंबरात तिचा भर असतो, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तुरळक उरते. स्ट्रॉबेरीची मात्र ऑक्टोबरात अपेक्षा ठेवू नका. तेव्हा शेतात रोपं नुकतीच लागलेली असतात, फळ नोव्हेंबरच्या अखेरीकडे सुरू होतं. कार्तिकात लग्न झालेल्यांचा इथे फायदा आहे.

उंचीमुळे पाचगणी पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते, पण तेवढ्यावर फसू नका. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन उघड्या पठारावर चांगलंच भाजतं. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि सकाळच्या वाऱ्यासाठी एक पातळ शाल एवढं हवंच.

डबा घरून नेणार असाल तर दशम्या किंवा धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात. पहाटे कालवलेला दहीभात दुपारी आंबतो, कारण गाडीच्या उबेत विरजण काम करत राहतं. त्याला उपाय सोपा. दोन वाट्या मऊ भात पूर्ण गार करा, त्यात दीड वाटी गार दूध आणि फक्त एक चमचा दही घाला. जेवायच्या वेळेपर्यंत तो हवा तसा लागतो. क्रीमचा केक मात्र घाटात टिकत नाही. वळणावळणाला डब्याच्या एका बाजूला सरकतो आणि पाचगणीला पोचेपर्यंत त्यावरची नावं वाचता येत नाहीत. पठारावरच्या वाऱ्यात मेणबत्तीही पेटत नाही. कंदी पेढे न्या, गोड तोंड त्यानेही होतं.

आता घाट, कारण खरा धोका उतरतानाच आहे. पाचगणी ते वाई बारा किलोमीटरांत पाचशेहून अधिक मीटर उतार आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसऱ्या, फार तर तिसऱ्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा शुद्ध वेडेपणा. इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पॅडल मऊ पडून खाली जाऊ लागतं. जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर हाताने निवडा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाचगणीत बॅटरी काठोकाठ भरू नका. भरलेल्या बॅटरीला उतारावर वीज परत घ्यायला जागाच नसते, मग गाडीची ती ओढ मिळत नाही आणि पुन्हा भार ब्रेकवरच येतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. एसटी तीव्र वळणावर तुमच्या बाजूला येणारच, कारण तिला वळायला तेवढी जागा लागते. वळणाच्या अलीकडेच थांबून तिला जाऊ द्या. माकडांना खाऊ घालू नका, काचा वर ठेवा. ज्याला घाट लागतो त्याने पुढे बसून लांबवर नजर ठेवावी. उलटीची गोळी घाट सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी घेतली तर उपयोग होतो. ती गुंगी आणते, म्हणून चालवणाऱ्याने घ्यायची नाही. दोघांनाही गाडी येत असेल तर एकाने चढवावी, दुसऱ्याने उतरवावी. जेवणानंतरची सुस्ती तेवढ्याने टळते. जाऊन येऊन अंतर दोनशे सत्तर किलोमीटरच्या आसपास होतं. लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तर अठरा लिटर पेट्रोल लागेल, पण घाटात तो पडतो, म्हणून वीस लिटर धरा.

पावणेपाचपर्यंत घाट उतरलात तर मेणवली आणि वाई उजेडात होतात. मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वर, आणि एका छोट्या घुमटीत टांगलेली पोर्तुगीज घंटा, जी 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती आली. त्यानंतर वाईचा ढोल्या गणपती. हे देऊळ रास्त्यांनी 1762 साली बांधलं. दर्शन झाल्यावर मागच्या बाजूला जरूर जा. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन बाजूंना फुटावं म्हणून. बहुतेक जोडपी समोरून फोटो काढून निघून जातात आणि देवळातली सगळ्यात हुशार गोष्ट पाहायची राहते. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो, महिनाअखेर सहाला. त्या वेळी घाटाच्या पायऱ्यांवर बसा, चहा घ्या आणि साडेसहाला निघा. रविवार असेल तर कात्रज-नवले पट्ट्यासाठी पाऊण तास जादा धरा. जमलं तर मंगळवार-बुधवारीच रजा काढा. दिवाळीत भाऊबीजेनंतरचा आठवडा मात्र पूर्ण टाळा.

ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी आहे. ती वाई-पाचगणीवरूनच जाते. महिलांना एसटीत तिकीट निम्मं आहे. पासष्टीच्या पुढच्यांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. म्हणजे लग्नाला पन्नास वर्षं झालेलं जोडपं ही सहल जवळजवळ फुकटात करू शकतं, फक्त वयाचा पुरावा खिशात हवा. एसटीने जाणाऱ्यांनी आर्थर सीटचा नाद सोडावा आणि पाचगणी-वाई एवढंच करावं. पाचगणीला उतरल्याबरोबर, टेबल लँडकडे निघण्याआधी, स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून घ्या आणि त्यातल्या आधीच्या गाडीच्या हिशेबाने दिवस आखा. नमस्कार.