डेव्हिलफिश म्हणजे नेमका कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

सहावीतली माझी भाची परवा एक चित्र घेऊन आली. पसरट पंख, लांब शेपटी, डोक्यावर दोन शिंगं. "आत्या, करानानं मारला तो डेव्हिलफिश हाच ना?"

स्कॉट ओडेल यांची 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' ही 1960 सालची कादंबरी ती वाचत होती. बेटावर एकटीच राहिलेल्या कराना नावाच्या मुलीची ही गोष्ट. चित्रातला प्राणी होता मांटा रे, आपल्या पाकटाचा अवाढव्य भाऊबंद. चूक पोरीची नाही. शिंगांसारख्या पाळ्यांमुळे त्यालाही डेव्हिलफिशच म्हणतात. जुने व्हेलशिकारी तर ग्रे व्हेललाही हेच नाव द्यायचे, कारण पिल्लासाठी मादी थेट होड्यांवर चालून यायची.

मग आम्ही दोघी पुस्तक उघडून बसलो. कराना खडकाळ किनाऱ्यावर वाढलेली, तिची नजर पक्की. तिनं पाहिलेल्या प्राण्याला पुष्कळ लांब हात आहेत, त्यांना चिकटून धरणारे चोषक आहेत आणि पाण्यात तो काळा ढग सोडतो. पाकट तर इथेच बाद. भाची म्हणाली, "मग माकुल असेल!" घरी माकुल साफ करताना काळे झालेले हात तिनं पाहिलेत, म्हणून शाईवरून तिला तेच आठवलं. मला फार आवडलं ते. पण माकलाला आठ हातांशिवाय दोन लांब सोंडा असतात आणि ते पाण्यात पोहत फिरतं. हा प्राणी खडकांच्या आसऱ्यानं राहणारा. म्हणजे ऑक्टोपस, आपला अष्टपाद!

आता कुठला ऑक्टोपस? कादंबरीतलं बेट खरं आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटरवरचं सान निकोलस. तिथं 1835 ते 1853 अशी 18 वर्षं एक स्त्री खरोखर एकटी राहिली होती. त्या समुद्रात लहान ऑक्टोपसही आहेत, पण त्यांच्याशी माणसाची झुंज कशी होणार? जायंट पॅसिफिक ऑक्टोपसचे हात मात्र पसरले तर टोकापासून टोकापर्यंत चार मीटर भरतात. दक्षिण कॅलिफोर्नियापासून अलास्का, जपानपर्यंत तो आढळतो. माझं मत त्याच्याच बाजूनं.

भाचीनं नवं चित्र काढलं. आठ हात मोजून काढले, प्रत्येकावर चोषकांच्या गोल गोल ओळी. खाली नाव मात्र 'डेव्हिलफिश'च ठेवलं. मीही बदलायला सांगितलं नाही, कारण करानाच्या तोंडी तेच नाव आहे.

कराना त्याच्यासाठी सी एलिफंटच्या, म्हणजे अवाढव्य हत्ती सीलच्या, दाताचा भाला घडवते. झुंजीत ती आणि तिचा कुत्रा रोंटू, दोघंही जखमी होतात. त्या उन्हाळ्यात तिला खडकांपाशी आणखी दोन डेव्हिलफिश दिसतात. त्यांच्यावर ती भाला उचलत नाही. त्या ओळीपाशी भाची थांबली आणि तिनं कागदावर आणखी दोन ऑक्टोपस काढायला घेतले.