हिंगण्याच्या माळावरची झोपडी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या कर्वेनगरात आज इमारतींची दाटी आहे. १९०० साली हे हिंगणे म्हणजे शहराबाहेरचा माळ होता. धड रस्ताही नव्हता. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि कॉलेज सुटलं की चिखल तुडवत पायी इथे यायचे, कारण इथल्या एका झोपडीत विधवा मुलींना शिकवणारा त्यांचा अनाथ बालिकाश्रम होता.

आश्रमाची स्थापना १४ जून १८९६ची. आधी तो पुण्यातच होता. प्लेगमुळे शहर सोडावं लागलं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले.

आश्रम निवासी का? विधवा मुलीला रोज शाळेत पाठवायला घरचे तयार नसत. एखादीला पाठवलंच, तरी घरी आल्यावर चूल, धुणी, भांडी आणि टोमणे चुकत नसत. अशी मुलगी पाटी घेऊन बसणार कधी? म्हणून आधी निवारा, मग धडा. अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले पंचविशी उलटल्यावर शिकायला लागल्या. पुढे याच पार्वतीबाई आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

सगळ्यात अवघड होतं लोकांचा विश्वास मिळवणं. १८९३ साली धर्मांतराच्या वादात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून, म्हणजे विधवांसाठीच्या निवासी शाळेतून, पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. त्याच वर्षी अण्णांनी सदनातल्याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. अशा माणसाच्या हाती मुलगी सोपवायची, तर तिचंही दुसरं लग्न लावतील, ही धास्ती घराघरात होती. म्हणून आश्रमाचं काम आणि पुनर्विवाहाचं काम अण्णांनी कटाक्षाने वेगळं ठेवलं. त्यांच्यावर याबद्दल टीका झाली. पण तसं केलं नसतं, तर मुली आल्याच नसत्या, असं मला ठामपणे वाटतं.

१९०७ साली अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय निघालं. मुलगी शाळेत रमली तर तिचं लग्न चार वर्षं तरी लांबेल, हा त्यामागचा हिशेब. पण विधवांची सावलीही अशुभ मानणारे पालक कुमारिकांना आश्रमात कसे ठेवणार? म्हणून विद्यालय सुरुवातीला हिंगण्यात नव्हे, पुण्यात भरवलं. पालकांची मनं वळायला काही वर्षं जावी लागली. मग विद्यालय हिंगण्याला आलं आणि विधवा व कुमारिका एकाच आवारात शिकू लागल्या.