रवानगी आहे, वापसी नाही

(दृश्य: ग्वाल्हेरचा कंपू भाग, एसएएफचं म्हणजे मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलाचं मैदान. सकाळची परेड.)

21 ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो आणि रायफलींच्या नळ्या जमिनीकडे वळतात. मग यादी वाचायला सुरुवात होते. वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना गेलेल्या पोलिसांची नावं.

या दिवसामागे 1959 सालची चकमक आहे. लडाखमध्ये हॉट स्प्रिंगजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान गेले. त्याच चकमकीत जखमी होऊन चिन्यांच्या हाती सापडलेले जवानही होते. दहांना आपण दरवर्षी सलामी देतो. जखमींची वेगळी यादी या मैदानावर कधी वाचली जात नाही.

(दृश्य: ग्वाल्हेरचा लष्कर भाग, दौलतगंजची गल्ली. जिना उतरणारे पाय.)

हे एक प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार. शिंद्यांच्या फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेल्या मराठी घरातले. नोकरी चालू आहे, म्हणून नाव आणि चेहरा दाखवायचा नाही, असं ठरलं आहे.

(जिना संपेपर्यंत निवेदन नाही.)

(दृश्य: मुरैना रस्ता, पहाट. वाळूच्या ट्रॉल्या.)

चंबळ अभयारण्यात वाळू उपशाला बंदी आहे. ट्रॉल्या तरी चालूच आहेत. याच रस्त्यावर बानमोरला 8 मार्च 2012 रोजी तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार यांनी दगडांची ट्रॉली अडवली आणि तिच्याखाली त्यांचा जीव गेला. देशभर बातमी झाली. या हवालदारांच्या अंगावरही नाकाबंदीत अशीच ट्रॉली घातली गेली. ते वाचले.

(दृश्य: पलंगावर पसरलेली फाइल.)

हे कागद सावकाश बघा. दुखणं ड्युटीवरचं आहे हे सिद्ध करायला ठाण्याचा रोजनामचा, म्हणजे रोजची नोंदवही, लागते. त्यात त्या रात्रीची रवानगी नोंदलेली आहे: वेळ, नाका, सोबतचे आरक्षक. वापसीची नोंद मात्र नाही. जो माणूस नाक्यावरून थेट इस्पितळात गेला, तो ठाण्यात वापसी लिहायला येणार कसा? तरी एका कार्यालयानं त्या नोंदीवरून खुलासा मागितला. मग एमएलसीची, म्हणजे इस्पितळाच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची प्रत, सोबतच्यांचे जबाब, मेडिकल बोर्ड, बोर्डापुढे पुन्हा नवे एक्स-रे. शेवटी शेरा आला: फील्ड ड्युटीस अयोग्य. फाइल त्यांच्या पत्नी सांभाळतात, तारखेप्रमाणे टाचण्या त्यांनीच लावल्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, “हे चालताना कुणी बघितलंच नाही का हो?”

दरम्यान भत्ते थांबले, बढती अडली, मुलीचा क्लास सुटला.

(दृश्य: महाराज बाड्यावर बंदोबस्ताला उभे शिपाई.)

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 121 नुसार, कामापासून रोखण्यासाठी सरकारी नोकराला दुखापत करणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी ती 3 वर्षं होती. दुखापत गंभीर असेल तर 10 वर्षांपर्यंत. हे व्हायलाच हवं होतं. पण ही मारणाऱ्याची शिक्षा झाली. ज्याला लागलं त्याचं काय?

त्याच्यासाठी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. कलम 20 सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही, हुद्दाही घटवता येणार नाही. त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडच्या जादा पदावर ठेवायचं. मात्र एखाद्या आस्थापनेला यातून सूट देण्याची मुभा याच कलमानं सरकारला दिली आहे. 2021 मध्ये केंद्रानं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना तशी सूट दिलीही. जे संरक्षण एका अधिसूचनेनं जातं, त्यावर हवालदारानं पाय गमवायची जोखीम घ्यावी? ते पोलिसांच्या स्वतःच्या कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

मसुदा शोधायला लांब जायला नको. सोली सोराबजी समितीनं 2006 मध्येच आदर्श पोलीस कायदा लिहून दिला. त्यात पोलीस कल्याणाची वेगळी यंत्रणा आहे आणि कर्तव्यावर जखमी झालेल्याला पूर्ण, सढळ वैद्यकीय मदत द्यावी असंही आहे. त्याच वर्षी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस सुधारणांचे आदेश दिले. मध्य प्रदेशाचा पोलीस अजूनही इंग्रजांच्या 1861 च्या कायद्याखाली उभा आहे.

(दृश्य: भोपाळ, विधानसभेची इमारत.)

पोलीस हा राज्य सूचीतला विषय, म्हणजे निर्णय इथे व्हायचा आहे. रवानगीची नोंद हाच ड्युटीचा पुरावा मानावा, मेडिकल बोर्डाला मुदत असावी, निकाल लागेपर्यंत पूर्ण पगार भत्त्यांसह मिळावा आणि कलम 20 चं संरक्षण राज्याच्या पोलिसांना कोणतीही सूट न ठेवता लागू व्हावं, एवढं विधेयकात आलं पाहिजे. मंत्र्यानंच ते आणलं पाहिजे असं नाही. कुणीही आमदार अशासकीय विधेयक मांडू शकतो. तिजोरीवर खर्च पडणार असल्यानं विचारार्थ घेण्याआधी राज्यपालांची शिफारस लागेल, ती मागता येते. ग्वाल्हेर-चंबळच्या सगळ्या आमदारांना आम्ही या फाइलची प्रत देणार आहोत, नाव खोडून.