उशीची उंची गादी ठरवते

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन उशा आहेत. डावीकडची सावरीच्या कापसाची, उजवीकडची पॉलिएस्टर फायबरची, म्हणजे दुकानात जिला सरसकट ‘रेक्रॉन’ म्हणतात ती. दोन्ही १७ बाय २७ इंचांच्या आणि दोन्ही सहा इंच फुगलेल्या. आता प्रत्येकीवर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवू, कारण मोठ्या माणसाचं डोकं जवळपास तेवढंच भरतं. पट्टी लावा. डावीकडची साडेचार इंचांवर थांबली, उजवीकडची तीनवर बसली. आपण उशी घेतो ती सहा इंचांकडे बघून आणि झोपतो साडेचारवर किंवा तीनवर. मानेला कळतो तो हा दाबलेला आकडा.

तो किती हवा? कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला खांदा टेकवून, मान सरळ ठेवून उभं राहावं आणि घरातल्या कुणाला तरी भिंतीपासून कानशिलापर्यंतचं अंतर मोजायला सांगावं. ते चार ते सहा इंच निघतं. पण हे झालं भिंतीचं माप. गादीवर खांदा आत रुततो आणि किती रुततो ते गादीवर अवलंबून असतं. घट्ट भरलेल्या कापसाच्या गादीत जेमतेम अर्धा इंच, मऊ फोमच्या गादीत इंच-दीड इंच. तेवढं वजा करा. पाच इंच अंतर असलेल्याला कापसाच्या गादीवर साडेचार इंचांची उशी लागेल आणि तोच माणूस फोमवर झोपला तर साडेतीनची. घरात नवी फोमची गादी आली की आठवड्याभरात मान धरल्याची तक्रार सुरू होते आणि बोल लागतो गादीला. पुष्कळदा चूक जुन्या उंच उशीची असते.

उताणं झोपणाऱ्याला याहून एक-दीड इंच कमी पुरते. हनुवटी छातीकडे ढकलली जात असेल तर उशी उंच आहे. पालथं झोपणाऱ्याने पातळात पातळ घ्यावी किंवा घेऊच नये. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण बाळाचा श्वास कोंडण्याचा धोका खरा असतो आणि डॉक्टर नको म्हणतात ते त्यासाठीच.

आता आत काय भरायचं ते. साधा कापूस स्वस्त, घट्ट आणि थंड. १७ बाय २७च्या उशीला किलो-सव्वा किलो लागतो. त्याचा दोष एकच, घाम आणि दमट हवा शोषून तंतू एकमेकांत गुंततात आणि दोन-तीन वर्षांत गोळे होतात. मग तो पिंजून घ्यावा लागतो. सावर वेगळी. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेलं झाड आपण पाहतो, त्याची बोंडं चैत्र-वैशाखात फुटतात. तिचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असतो, म्हणून ती हलकी आणि पाण्याला दाद न देणारी. कापसापेक्षा वजनाने कमी लागते. ही मात्र मशीनवर पिंजायला देऊ नका, तंतू तुटून भुगा होतो. उन्हात घालून हाताने मोकळी करायची, बस्स.

सावरीत भेसळ फार. ओळखायची कशी? चिमूटभर घ्या आणि वात वळून पाहा. कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो, त्यामुळे निरांजनाची वात बोटांत लगेच जमते. सावर गुळगुळीत, ती वळता वळता सुटते. वात छान जमली तर दुकानदाराला शांतपणे विचारा, यात सावर किती आणि कापूस किती. हाच गुळगुळीतपणा खोळीलाही नडतो. मांजरपाटासारख्या विरळ कापडातून सावर बाहेर झिरपते आणि सकाळी केसांवर पांढरी पिसं दिसतात. तिला घट्ट विणीचा गादीपाटच हवा.

पॉलिएस्टरची उशी धुता येते हा तिचा मोठा गुण. मशीनमध्ये एका वेळी दोन घाला म्हणजे ड्रमचा तोल राहतो. आतपर्यंत वाळायला दोन दिवस लागू शकतात, तेव्हा पावसाळ्यात हा उद्योग नको. उशी अजून टिकून आहे का हे पाहायला ती मधोमध दुमडून सोडा. उलगडली नाही, तर फायबर मेलं. लेटेक्स आणि मेमरी फोम मात्र उन्हात घालू नका. लेटेक्स उन्हाने चिवटपणा सोडून चुरा होतं.

सजावटीकडे येऊ. इथेही आधी पट्टी, मग रंग. ६० इंच रुंद पलंगावर २७च्या दोन उशा म्हणजे ५४ इंच, दोन्ही कडांना तीन-तीन इंच उरतात, नजरेला बरोबर. त्याच उशा ७२ इंची पलंगावर ठेवल्या तर १८ इंच रिकामे. मग मध्ये काहीतरी कोंबायचं म्हणून बदामाच्या आकाराची मखमली उशी येते, तिची मला फारशी भलामण करवत नाही. तिथे २० बाय ३६च्या दोन घ्या, ७२ इंच पुरे होतात. मागे टेकायला २४ इंची चौकोनी दोन, पुढे १२ बाय २०ची एक आडवी, एवढ्यावर थांबावं. आणि विकत घेण्याआधी घरात विचारा की रात्री या कुठे ठेवायच्या. जागा ठरलेली नसेल तर त्या फरशीवर जातात आणि सकाळी धुळीसकट पलंगावर चढतात.

अभ्रा शिवताना दोन उलटे नियम आहेत. झोपायच्या उशीचा अभ्रा उशीपेक्षा इंचभर मोठा हवा, कारण सुती कापड धुतल्यावर आटतं आणि २८ इंचांत इंचभर सहज जातं. कापड आधी भिजवून घेतलंत तर उत्तम. आतली झडप सहा ते आठ इंचांची ठेवा, चारची ठेवली तर उशी मध्यरात्री बाहेर डोकावते. शोभेच्या उशीला याच्या उलट. १६ इंची अभ्र्यात १८ इंची भरीव उशी घाला, नाहीतर चारही कोपरे लुळे पडतात. अपवाद खणाचा. गुळेदगुड्डचा खण हल्ली उशांना फार लावतात, दिसतोही देखणा, पण ताण आला की शिवणीपाशी धागे सरकतात. त्याला सुती अस्तर लावा आणि आतली उशी अभ्र्याच्याच मापाची ठेवा. आरसे, जर, टिकल्या यांवर गाल टेकू नये, हे सांगायला नको.

लोड घरी करायचा असेल तर हिशेब सोपा आहे. नऊ इंच जाडी आणि ३० इंच लांबी धरा. घेर नऊ गुणिले ३.१४, म्हणजे सव्वाअठ्ठावीस, वर शिवणीला इंचभर. तोंडाच्या चकत्या दहा इंची कापा. कापूस तीन-साडेतीन किलो ठासून बसेल. आधी टोकं भरा, मग पोट, नाहीतर दोन्ही टोकं पोकळ राहून लोड मधूनच फुगतो. उशीतही पहिले कोपरे. आणि शेवटचं वीतभर तोंड मशीनने बंद करू नका. हाताने लांब टाके घाला, म्हणजे पुढच्या वैशाखात उसवून कापूस उन्हात पसरता येईल, आणि उशी उंच वाटली तर दोन मुठी काढताही येतील.