लाल शिक्का: जुन्या ड्रमची किंमत कशी ठरते

[दृश्य: टेबलावर आडवा ठेवलेला बेस ड्रम. समोरचं पान काढलेलं. आतल्या पांढऱ्या भिंतीवरून बॅटरीचा उजेड सावकाश फिरतो.]

जुना ड्रम घ्यायचा तर आधी त्याचं पान, म्हणजे ताणलेला पडदा, काढा आणि पोटात पाहा. लुडविग कंपनीच्या साठच्या दशकातल्या बहुतेक ड्रमना आतून पांढरा रंग दिलेला असे. त्या रंगावर, नशीब असेल तर, लाल शाईचा रबरी शिक्का सापडतो. महिना, तारीख, साल. कधी तिरपा उमटलेला, कधी एखादा आकडा पुसट. शिकागोच्या कारखान्यात हाताने मारलेला हा शिक्का बाहेर लावलेल्या कंपनीच्या बिल्ल्यावरच्या नंबरापेक्षा जास्त भरवशाचा आहे.

कारण बिल्ले क्रमाने लागत नसत. १९६३च्या अखेरीपासून लुडविगच्या बिल्ल्यांवर नंबर येऊ लागले, पण ते बिल्ले डब्यात एकत्र पडलेले असत आणि हाताला लागेल तो ड्रमवर बसे. म्हणून एकाच सेटमधल्या तीन ड्रमचे नंबर एकमेकांपासून हजारोंनी दूर असू शकतात. तेवढ्यावरून सेट जमवलेला आहे असं ठरवू नका. आतले शिक्के थोड्या आठवड्यांच्या अंतराने असतील, रंगाची छटा एक असेल, तर तो सेट बहुधा एकत्रच विकला गेला होता.

इथे दोन शब्द ठरवून घेऊ. ढोलकीचं असतं तसं लाकडाचं किंवा धातूचं खोड, आणि ढोलताशा पथकात म्हणतात तसं वर ताणलेलं पान. बाकीचे भाग दुकानातल्या नावांनीच ओळखू: खोडावर बसवलेले लग, त्यात फिरणारे रॉड आणि पानाला दाबून धरणारी रिंग.

[दृश्य: काळ्या-राखाडी लाटांचं मोत्यासारखं आवरण, अगदी जवळून.]

विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये शिकागोत ही कंपनी काढली. पुढे ती कॉन कंपनीकडे गेली. विल्यमने १९३७ मध्ये स्वतःच्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूएफएल नावाने वेगळा कारखाना सुरू केला आणि १९५५ मध्ये घराण्याचं नाव परत विकत घेतलं. पण आजच्या बाजारभावाच्या दृष्टीने एकच तारीख महत्त्वाची: ९ फेब्रुवारी १९६४. त्या रविवारी 'एड सलिव्हन शो' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात बीटल्स हा ब्रिटिश बँड पहिल्यांदा वाजला. सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी तो कार्यक्रम पाहिला. बँडचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बेस ड्रमच्या पुढच्या पानावर बँडच्या नावाच्या वर 'लुडविग' हे नाव ठळक दिसत होतं. लंडनच्या ड्रम सिटी या दुकानात आपला पहिला लुडविग सेट घेताना रिंगोने पसंत केलं होतं ते खोडावर चिकटवलेलं काळं ऑयस्टर पर्ल आवरण. त्या कार्यक्रमानंतर लुडविगच्या कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या काळातले लुडविग सेट दुर्मीळ नाहीत, ते भरपूर बनले. महाग आहेत ते मागणीमुळे. रिंगोचा पहिला लुडविग सेट डिसेंबर २०१५ मध्ये ज्युलियन्सच्या लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेला, पण तो रिंगोचा होता म्हणून. तशाच रंगाच्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या सेटची किंमत त्या आकड्यावरून काढता येत नाही.

माप मात्र पाहावंच लागतं. लुडविगचा 'डाउनबीट' सेट म्हणजे २० इंची बेस (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२ इंची टॉम (बेसवर टांगलेला), १४ इंची फ्लोअर टॉम (पायांवर उभा). 'सुपर क्लासिक' म्हणजे २२, १३ आणि १६. लाकूड तेच, कारागिरी तीच. तरी लहान मापाचा सेट साधारणपणे जास्त भाव खातो, कारण लहान सेट कमी विकले गेले आणि आज छोट्या खोलीत, छोट्या मंचावर वाजवायला तेच सोयीचे पडतात.

[दृश्य: बेस ड्रमचं खोड. कारखान्यात बसवलेल्या टॉमच्या पट्टीशेजारी नंतर पाडलेली तीन भोकं.]

आता भोकं. जुन्या ड्रमची किंमत सगळ्यात जास्त कशाने पडते, तर ड्रिलने.

साठच्या दशकातली टॉम टांगायची पट्टी कमजोर होती. सत्तरच्या दशकात संगीत मोठ्या आवाजाचं झालं, वादक जोरात मारू लागले, टॉम डुलायला लागला. मग वादकाने सरळ ड्रिल घेतलं आणि खोडाला जाड नळीचा स्टँड जोडला. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याचा सेट तेव्हा विंटेज नव्हता, फक्त दहा वर्षं वापरलेला होता. आज तीच भोकं सेटची किंमत कधी कधी निम्म्यावर आणतात. भोक बुजवून उपयोग होत नाही. आवरण फाटलेलं असतं आणि आतून बूच दिसतंच.

भोक मूळचं की नंतरचं, हे ओळखायला आतली बाजू बघा. कारखान्यात आधी भोकं पाडत की आधी रंग देत, यावर अवलंबून राहू नका, कडा बघा. नंतरच्या भोकाच्या कडेला ताजं, फिकट लाकूड उघडं पडलेलं असतं आणि रंगाचे टवके उडालेले असतात. प्रत्येक लग, प्रत्येक ब्रॅकेट सोडवून त्याच्याखाली पाहा. मोठ्या ब्रॅकेटखाली जुनं भोक लपवण्याची चलाखी नेहमीची आहे.

दुसरी जागा बिल्ल्याची. बिल्ला एका छोट्या पोकळ पितळी रिव्हेटने खोडाला धरलेला असतो आणि त्याच छिद्रातून ड्रम हवा सोडतो. तो रिव्हेट एकदा काढला की पुन्हा तसाच बसत नाही. आतल्या बाजूने त्याच्या पाकळ्या चमकदार, नव्या दिसत असतील, तर बिल्ला कधीतरी निघालेला आहे. म्हणजे एक तर आवरण बदललंय किंवा बिल्लाच दुसऱ्या ड्रमचा आहे. नवे बिल्ले आणि नवे रिव्हेट दोन्ही बाजारात सहज मिळतात, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

रंगाचीही फसगत होते. पारदर्शक थर उजेडाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळा पडतो. त्यामुळे पांढरा मोती लोण्यासारखा दिसतो आणि निळा स्पार्कल हिरवट होतो. हिरवट सेट "दुर्मीळ रंग" म्हणून विकायला आला तर लगखालचं आवरण पाहा. उजेड न लागलेला तेवढा तुकडा खरा रंग सांगतो. एकेक ड्रम शोधून सेट पूर्ण करणाऱ्यांची अडचणही हीच: एक टॉम खिडकीशी ठेवलेला, दुसरा माळ्यावर खोक्यात पडलेला. दोघांचा कॅटलॉगमधला रंग एक, पण शेजारी ठेवले तर जोडी जमत नाही.

[दृश्य: धातूचा स्नेअर. क्रोमवर तांदळाच्या कणीएवढे फोड.]

आता स्नेअर, म्हणजे तळाला तारा लावलेला चपटा ड्रम. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं आम्हाला वाटतं. जागा कमी लागते, पाठवणी स्वस्त पडते, आणि एकटा स्नेअरही पूर्ण वाद्य असतो.

लुडविगचा 'सुप्राफोनिक' हा रेकॉर्डिंगमध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या स्नेअरपैकी एक. सुरुवातीचे खोड पितळेवर क्रोम दिलेले होते. १९६३च्या सुमारास कंपनीने पितळ सोडून अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला. क्रोम अ‍ॅल्युमिनियमला नीट चिकटून राहत नाही. घाम आणि दमट हवा आत शिरली की आधी बारीक टिपके उठतात, मग फोड येतात आणि शेवटी पापुद्रे सुटतात. ही बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या सुप्राफोनिकची ठरलेली वाट आहे, फक्त वेग कमीजास्त. आवाज मात्र यामुळे बिघडत नाही. म्हणून वाजवायला घेणाऱ्याने फोड आलेला, पण काठ सरळ आणि भाग मूळचे असलेला स्नेअर कमी पैशांत घ्यावा. गुळगुळीत क्रोमचे जादा पैसे कपाटातच राहतात.

पितळ की अ‍ॅल्युमिनियम, हे लोहचुंबकाने कळत नाही. तो दोघांनाही चिकटत नाही. वजन हातात घेऊन पाहा: पितळ लगेच जड लागतं. आणि आतल्या बाजूला, लगच्या स्क्रूच्या भोकांच्या काठावर क्रोम झिजलेलं असेल तिथे पिवळी झाक शोधा. पितळी सुप्राफोनिकची किंमत बरीच वर असते, म्हणून एवढी मेहनत.

त्याच कारखान्यातला 'अ‍ॅक्रोलाइट' हा शिकाऊ मुलांचा स्नेअर. अ‍ॅल्युमिनियमचंच खोड, पण क्रोम नाही, आणि दहाऐवजी आठ लग. क्रोम नसल्यामुळे फोडही येत नाहीत. शाळांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून राहिलेला हा ड्रम एकेकाळी कवडीमोलाने मिळे. वादकांना त्याचा आवाज आवडू लागला तसा भाव चढला.

[दृश्य: १९३०-४०च्या दशकातला भलामोठा बेस ड्रम. शेजारी साधा लाकडी स्नेअर.]

जुन्या ड्रमचा भाव काळाबरोबर कसा हलतो, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे स्लिंगरलँड कंपनीचा 'रेडिओ किंग'. स्विंग संगीतातला गाजलेला ड्रमवादक जीन क्रूपा हे ड्रम वाजवत असे. स्विंग संगीताच्या त्या पिढीने तरुणपणी जे ऐकलं, तेच हाती पैसा आल्यावर जमवलं. ती पिढी सरली तसे २६ आणि २८ इंची बेस ड्रमचे गिऱ्हाईक कमी झाले. असा ड्रम ठेवायचा कुठे आणि वाजवायचा कधी? पण त्याच सेटमधला स्नेअर टिकून राहिला. त्याचं खोड मेपलच्या एकाच फळीला वाफेवर वाकवून केलेलं, आतून काठांना आधाराच्या पट्ट्या. तो आवाज स्टुडिओत आजही हवा असतो.

लुडविगच्या साठच्या सेटचं आता तेच होऊ घातलंय, असा आमचा अंदाज आहे. १९६४ मध्ये बारा-पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. घर लहान करताना तो सेट विकायला काढतो, म्हणजे बाजारात माल वाढतो. दुसरीकडे कंपन्या जुन्या पद्धतीचे नवे ड्रम बनवू लागल्या आहेत. ज्याला फक्त तसा आवाज हवा, त्याला आता दुसरी वाट आहे. त्यामुळे साधे, भोकं पडलेले, सर्वसामान्य रंगाचे २२ इंची सेट मागे पडतील. मूळ अवस्थेतले लहान सेट आणि चांगले स्नेअर तग धरतील.

उपयोगामुळे भाव टिकतो याचा आणखी एक पुरावा म्हणजे १८ इंची बेस. ब्रुकलिनच्या ग्रेच कंपनीचे गोल बिल्ल्याचे ड्रम मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स या जॅझ वादकांच्या हाताखाली वाजले. जॅझ वाजवणाऱ्याला आजही तो १८ इंची बेस लागतो, म्हणून त्याचे नकली प्रकारही जास्त. १८ इंची फ्लोअर टॉम घ्यायचा, पाय काढायचे, भोकं बुजवायची आणि बेस म्हणून विकायचा. ग्रेचच्या खोडाला आतून रुपेरी रंग असतो. तो एखाद्या जागी वेगळा चमकत असेल, पुन्हा मारल्यासारखा वाटत असेल, तर थांबा. आत मॉडेल नंबरचं कागदी लेबल शाबूत असेल तर तो कोणत्या ड्रमचा नंबर आहे ते कॅटलॉगशी ताडून पाहा.

[दृश्य: ड्रम सुटा केलेला. क्रमांक लिहिलेल्या छोट्या पिशव्या.]

ड्रम घरी आल्यावर बिघडतो तो बहुतेक वेळा साफसफाईत. आवरण सेल्युलॉइडच्या जातीचं असतं. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं की ते विरघळतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, एवढंच वापरा. पोलादी रिंगवरचा गंज काढायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा पुरतो. तारेची घासणी क्रोमवर ओरखडे पाडते. लाल शिक्क्याला ओलं कापड लावूच नका, शाई निघून येते.

अमेरिकन ड्रमच्या रॉडचा आटा १२-२४ (१२ नंबरचा, इंचाला २४ आटे) असतो. प्रीमियर या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ड्रमचा वेगळा. जुळत नसलेला रॉड जोर लावून फिरवला की लगमधल्या नटाचे आटे जातात आणि तसा लग शोधण्यात महिने मोडतात. प्रीमियरच्या १९६८च्या आधीच्या ड्रमची मापंही थोडी निराळी आहेत. नेहमीचं १४ इंची पान त्यावर बसेलच असं नाही, हे घेण्याआधी करून पाहा.

प्लास्टिकची पानं १९५७च्या सुमारास रुळली. त्याआधीची खोडं वासराच्या कातड्यासाठी केलेली, कधी किंचित मोठी. पान अडकतंय म्हणून खोड घासायला घेऊ नका. तिथे परत फिरायची वाट नाही. दुसऱ्या कंपनीचं पान लावून बघा, त्यांच्या कड्यांच्या मापात बारीक फरक असतो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ड्रम भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि पानं काढून ठेवू नका. पान आणि रिंग नसलेलं पातळ खोड हळूहळू लंबगोल होतं. रॉड बोटांनी फिरतील तेवढेच आवळा.

आणि एखादा भाग बदलावाच लागला, तर मूळ भाग टाकून देऊ नका, गंजका स्क्रूसुद्धा. तो कुठल्या बाजूचा, कितव्या लगचा, हे पिशवीवर लिहा आणि ती पिशवी त्याच ड्रमच्या पोटात ठेवा.