नदी किती खाली आहे?

मंडळी, नमस्कार.

गेली तीस वर्षं मी खानदेशात घरांचे पाये बघतोय. पेशानं सिव्हिल इंजिनिअर. प्लॉट दाखवायला जी माणसं मला घेऊन जातात, त्यांतली काही लगेच ओळखू येतात. रस्ता किती फुटी, दार कुठल्या दिशेला, हे ती नंतर विचारतात. आधी विचारतात, "साहेब, गच्चीवरून नदी दिसेल का?"

मला ही माणसं आवडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. अशा मुलखात पाण्याची ओढ लागणारच. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. लहानपणी त्या गर्दीतून आईचं बोट धरून जो घाटापर्यंत गेला, त्याला म्हातारपणी नदीजवळ राहावंसं वाटलं तर नवल काय? तेव्हा नदीकाठी घर घेऊच नका, असं सांगायला मी इथं उभा नाही. घर जरूर घ्या. पण कुठल्या वस्तीत घ्यायचं हे ठरवताना आपण एक चुकीचा प्रश्न विचारतो. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

काही वर्षांपूर्वी एक गुरुजी आणि त्यांच्या मिसेस माझ्याकडे आल्या. निवृत्तीचे पैसे हातात होते आणि दोन प्लॉट डोळ्यांसमोर होते. एक नदीपासून चारशे पावलं आत, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. दुसरा जेमतेम सव्वाशे पावलांवर. गुरुजींना जवळचा हवा होता, बाईंना भीती वाटत होती. "लांबचाच घेऊ, पुराची कटकट नको," असं त्यांचं म्हणणं. सगळे असंच म्हणतात.

आम्ही आधी नदीकाठच्या देवळात गेलो. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. मोठ्या पुराच्या वेळी पाणी कुठवर चढलं होतं, असं विचारल्यावर त्यांनी भिंतीतल्या एका दगडावर हात ठेवला. "आठलोंग पानी उनं व्हतं, भाऊ." म्हणजे इथवर पाणी आलं होतं. त्या दगडावर खडूनं रेघ मारली. मग माझ्या गवंड्यानं पिशवीतून लेव्हल पाइप काढला. तुमच्या घराचं बांधकाम झालं असेल तर तुम्ही तो पाहिलाय. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. ती रेघ आम्ही नळीनं पुढच्या विजेच्या खांबावर नेली, तिथून कुणाच्या कुंपणावर, तिथून पुढच्या भिंतीवर. तीस-पस्तीस टप्पे झाले, अख्खी सकाळ गेली. लांबच्या प्लॉटवर पोहोचलो तेव्हा रेघ जमिनीपासून दीड हात वर होती. म्हणजे त्या पुरात तिथं मांडीएवढं पाणी असणार. जवळच्या प्लॉटवर नळी नेली तर जमीनच रेघेच्या चार हात वर निघाली.

बाई कितीतरी वेळ त्या खडूच्या खुणेकडे बघत राहिल्या. घर त्यांनी जवळच्या प्लॉटवर बांधलं.

असं का झालं? लांबचा प्लॉट लवणात, म्हणजे खोलगट भागात होता आणि त्याच्या मागून एक नाला जात होता. मी गेलो तेव्हा त्या नाल्यावर फरशा टाकून गटार केलेलं होतं, त्यामुळे तो कुणाच्या ध्यानात येत नव्हता. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरू शकत नाही. उलट नदीचा फुगवटा नाल्यातून मागं सरकतो आणि वस्तीच्या पाठीमागच्या दारानं आत येतो. घरातली माणसं पुढच्या दारात उभी राहून नदीकडे बघत असतात. म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे, की नदी माझ्या उंबऱ्यापासून किती खाली आहे? किती लांब आहे, ते त्यानंतर.

आपल्या पूर्वजांना हे पक्कं माहीत होतं. मराठीत गावाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतीला ‘काळी’. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, उंचवट्यावरची. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं पडून, पुन्हा उभी राहून ती आणखी चढत गेलेली असते. काळी खाली, नदीच्या गाळाची. आज पांढरीत जागा उरली नाही म्हणून वसाहती काळीत उतरल्यात. तिथं पुराचा प्रश्न आहेच, त्याशिवाय मातीचाही आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच ठेवला तर तीन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब घ्या, खाली कंद फुगवलेले पाइल याच मातीसाठी असतात. बिल्डर ‘चार फूट पाया पुष्कळ झाला’ म्हणाला तर त्याला कंबरेएवढा खड्डा करायला सांगा आणि तळाची माती मुठीत घेऊन बघा.

आता धुळ्याचंच घ्या. १८१८ नंतर इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज इथं आला आणि त्यानं नवी पेठ आखली. सरळ रेघेतल्या गल्ल्या, आजही आपण त्यांना नंबरानंच ओळखतो. जुनं धुळं त्याआधीचं, वेडंवाकडं वाढलेलं. १८७२ मध्ये पांझरेला भयंकर पूर आला आणि धुळ्यातल्या घरादारांचं अतोनात नुकसान झालं. परवा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये वर अक्कलपाडा धरणातून पाणी सुटलं, तेव्हा पांझरा कशी चालली होती ते तुमच्यापैकी अनेकांनी पुलावर उभं राहून पाहिलंय. दीडशे वर्षांचं अंतर, नदी तीच.

याच पांझरेवर आपली फड पद्धत आहे. तीन-चारशे वर्षांची म्हणतात. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांचं पीक एकच आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून वाट्याप्रमाणे. गावानं गावासाठी चालवलेली ही व्यवस्था पुढे इंजिनिअर लोकांनी अभ्यासली. विश्वेश्वरय्यांची नोकरीची पहिली वर्षं खानदेशात गेली आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत पांझरेच्या एका ओहळाखालून पाइपाचा सायफन काढण्याचं काम होतं. फडाबद्दल मी तासभर बोलू शकेन, पण आज घरापुरतं सांगतो. पाट नेहमी समपातळीच्या जवळून, किंचित उतारानं जातो. म्हणजे पूर्वजांनी तुमच्यासाठी जमिनीवर लेव्हलची रेघ आखून ठेवलीय. जुना पाट कुठून जात होता ते गावनकाशात शोधा किंवा म्हाताऱ्या माणसाला विचारा. पाटाच्या वरच्या अंगाला पाणी चढत नव्हतं म्हणून तिकडची जमीन जिराईत राहिली. पाटाखालचं सगळं नदीकडं उतरतं. प्लॉट पाटाच्या खाली असेल तर लेव्हल पाइप काढल्याशिवाय इसार देऊ नका.

कायद्याकडे येतो. नदीला दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला बंदी आहे. बाग, मैदान, गाड्या लावायची मोकळी जागा चालते. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी मिळते. जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर किमान ०.४५ मीटर हवं. आपल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हे लिहिलेलं आहे.

पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोक फसतात. "मागच्या वर्षीच येऊन गेला, आता नव्याण्णव वर्षं काळजी नाही," असं एका शिकलेल्या माणसानं मला सांगितलं होतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता, एवढाच. निळ्या रेषेच्या पुराची दर वर्षी शंभरात चार. घराचं कर्ज वीस वर्षांचं धरा. त्या वीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निघते ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. लाल रेषेच्या पुराची १८ टक्के, म्हणजे साधारण साडेपाचांत एक. हप्ते फिटायच्या आत. हा हिशेब घरी मुलांकडून करून घ्या, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

त्यामुळे सातबारा आणि बिनशेतीचा आदेश बघून थांबू नका. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि पूररेषा दाखवलेला भाग नकाशा घ्या. पाटबंधारे खात्याकडे त्या ठिकाणच्या लाल रेषेची पातळी किती मीटर ते विचारा. आणि जुना गावनकाशा काढा. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. आजच्या लेआउटमध्ये ती वाट नाहीशी झाली असेल तर ते पाणी कुठं गेलं, याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

नाल्यांबद्दल मी इतकं बोलतोय त्याचं कारण चाळीसगाव. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या दोन नद्या एका रात्रीत चढल्या. तापीच्या मानानं या नद्या म्हणजे ओढेच. पण त्यांचं पाणी डोंगरावरून थेट उतरतं, वाटेत अंतर नाही. घरंदुकानं बुडाली, गुरं गोठ्यात दावणीला बांधलेली होती ती तशीच गेली. तापी केवढी अवाढव्य! तिच्यावरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे. पण ते उघडले की किती क्युसेक सोडलं ते तासातासाला कळतं, खालच्या गावांना इशारा जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लीटर, हे लक्षात ठेवलंत तर त्या बातमीला अर्थ येईल. मोठ्या नदीचा पूर सांगून येतो. छोटीचा झोपेत गाठतो. काठ निवडताना हा फरक माझ्या मते फार महत्त्वाचा आहे.

आता पाण्याच्या हौशीबद्दल. लोक प्लॉट बघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. नदी वाहती असते, काठ हिरवा असतो, मन विरघळतं. मग वैशाखात राहायला येतात आणि समोर वाळू. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरीच्या पात्रात भरते. पात्रात यात्रा भरते याचा अर्थच तिथं तेव्हा पाणी नसतं. ज्यांना बारमाही पाणी डोळ्यांसमोर हवं, त्यांनी बॅरेजच्या वरच्या अंगाची गावं बघावीत. तापीवर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे इथं पाणी अडवलेलं आहे. ज्यांना पक्षी बघायचे आहेत त्यांनी मुक्ताईनगर-चांगदेवची बाजू बघावी. तापी-पूर्णेचा संगम, हतनूरचा फुगवटा, थंडीत परदेशी पाहुणे उतरतात. पोहायची हौस असेल तर एक कळकळीची विनंती, वाळू उपसलेल्या पात्रात मुलांना सोडू नका. वरून गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खड्डा असतो.

शहरातून वाहणाऱ्या नदीचा प्लॉट मे महिन्यात, संध्याकाळी, वारा पडल्यावर बघा. गटारं कुठं सोडलीत ते नाकाला कळेल. डासही कळतील. आणि शेजारणीला विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं? आपल्याकडच्या काही शहरांत चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतं. खिडकीतून नदी दिसते आणि बाई पहाटे तीनला उठून पिंप भरते, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. मला ते प्रत्येक वेळी टोचतं.

अजून एक, पटकन सांगतो. मुलांची शाळा, दवाखाना आणि तुमचं काम नदीच्या ज्या काठाला, त्याच काठाला घर असलेलं बरं. पुरात लहान पूल आधी पाण्याखाली जातात. आणि विमा. २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे आहे, तिच्यात पूर येतो. घरातल्या सामानाची रक्कम नीट तपासून घ्या.

त्या गुरुजींच्या घरी मी अधूनमधून जातो. गच्चीवरून नदी दिसते. दिसते त्याहून जास्त ऐकू येते, श्रावणात रात्री तर स्पष्ट. घाट पायी पाच मिनिटांवर. २०१९ च्या पुरात त्यांच्या फाटकापर्यंत पाणी आलं नाही. त्या लांबच्या प्लॉटवर दुसऱ्या कुणी घर बांधलंय. मी त्यांना ओळखत नाही, पण एकदा बेल वाजवून त्या खडूच्या रेघेबद्दल सांगून आलो. त्यांनी विजेचं मीटर वर घेतलं आणि धान्याची कोठी माळ्यावर हलवली.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात एखादा प्लॉट असेल तर येत्या रविवारी सकाळी सातला धुळ्याच्या लहान पुलाच्या देवपूरकडच्या टोकाला या. वहीपेन्सिल, खडू आणि पाण्याची बाटली घ्या. पाइप मी आणतो.